डोंगरदेवाच्या कथेपासून छापील कवितेपर्यंत

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम आणि वायव्य भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आणि गुजरातकडे उतरणाऱ्या दऱ्याखोऱ्यांत पसरला आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण आणि बागलाण या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकर आणि कातकरी समाजांची वस्ती आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे 61 लाख लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा 25 टक्क्यांहून अधिक होता. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत तो 90 टक्क्यांच्या वर होता. द्राक्षे, कांदा, कुंभमेळा आणि कारखाने यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्याची एक जुनी वाङ्मयीन परंपरा या डोंगरपट्ट्यात आहे. ती शतकानुशतके मुखाने चालत आली. गेल्या चार-पाच दशकांत तिच्याच मुलखातून छापील कविताही आली. या दोहोंचा इतिहास एकत्र पाहिला तर आदिवासी कविता कोणत्या मुळांवर उभी आहे हे कळते.

मुलूख आणि बोली

कोकणा समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज कोकणातून घाटावर आले. या स्थलांतराचा संबंध चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जोडला जातो. कोकणा, कोकणी, कुकणा अशी या समाजाची नावे प्रांतानुसार बदलतात. नाशिक, धुळे, नंदुरबार, पालघर हे महाराष्ट्रातले जिल्हे आणि गुजरातमधील डांग, वलसाड, नवसारी हा त्यांचा सलग मुलूख आहे. राज्यांची सीमा 1960 मध्ये या मुलखातून गेली. नातीगोती, देव आणि कथा मात्र दोन्ही बाजूंना सारख्याच राहिल्या.

या पट्ट्याचा बराच भाग दीर्घकाळ छोट्या संस्थानांच्या ताब्यात होता. पेठ संस्थान 1878 मध्ये खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. सुरगाणा संस्थान स्वातंत्र्यानंतर, 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. रस्ते, शाळा आणि छापखाना इथे उशिरा पोहोचले. त्यामुळे कायदा, वंशावळ, शेतीचे ज्ञान, औषधपाणी आणि देवधर्म हे सारे स्मरणात ठेवून बोलण्यातून पुढे देण्याची रीत विसाव्या शतकातही जिवंत राहिली.

येथील बोलींना बाहेरचे लोक सरसकट डांगी म्हणतात. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने डांगीची नोंद खानदेशीसोबत केली. तिच्यावर मराठी, गुजराती आणि भिली या तिन्ही बाजूंच्या खुणा दिसतात. गावात, बाजारात आणि कथेत ही बोली चालते. शाळा, कचेरी आणि न्यायालय यांचे व्यवहार प्रमाण मराठीत होतात. पुढे कविता लिहू लागलेल्या प्रत्येक तरुणापुढे या दोन भाषांमधील अंतर उभे राहिले.

ऋतूला बांधलेली कथा

या परंपरेत कथा वाटेल तेव्हा सांगितली जात नाही. तिला ऋतू, वेळ, जागा आणि सांगणारा माणूस ठरलेला असतो. पहिल्या पावसानंतर उगवणारी तेराची भाजी देवाला दाखवल्याशिवाय न खाण्याची रीत, दिवाळीच्या आरंभी येणारी वाघबारस, मार्गशीर्षातला डोंगऱ्या देव, होळी आणि त्यानंतरचा बोहाडा असे वर्षाचे चक्र आहे. प्रत्येक टप्प्याला त्याची गाणी आणि त्याच्या कथा जोडलेल्या आहेत.

डोंगऱ्या देवाचा उत्सव हा कोकणा आणि भिल्ल समाजाचा मोठा सोहळा आहे. कळवण, सुरगाणा, बागलाण, दिंडोरी आणि धुळे जिल्ह्यातील साक्री या भागांत तो होतो. व्रत घेणाऱ्यांना माऊल्या म्हणतात. ते काही दिवस घर सोडून नेमाने राहतात, रात्री पावरीच्या सुरांवर फेर धरून नाचतात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास ठरलेल्या डोंगरावर जाऊन पूजा करतात. भगत पूजेचे विधी सांभाळतो आणि पावरकर वाद्य वाजवतो. डोंगर, पाणी, वारा, पशू आणि धान्य यांची आठवण या गाण्यांतून क्रमाने काढली जाते. पिके खळ्यावर आल्यानंतरचा हा काळ आहे. निसर्गाकडून जे मिळाले त्याची जाणीव सगळ्यांनी मिळून व्यक्त करणे हा या उत्सवाचा गाभा आहे.

दीर्घ कथांसाठी थाळीचा उपयोग होतो. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक काडी उभी बसवतात. बोटांनी ती काडी वरून खाली ओढली की थाळीतून सलग, घुमणारा नाद निघतो. त्या नादावर कथा सांगणारा रात्रभर गातो. साथीदार ओळीचा शेवट उचलतो किंवा हुंकार देतो. सांगणाऱ्याला पाठ असते ती कथेची चौकट, तिचे टप्पे आणि ठरावीक पदे. मधला भाग तो समोरच्या माणसांप्रमाणे, प्रसंगाप्रमाणे लांबवतो किंवा आटोपता घेतो. म्हणून एकाच कथेची दोन कथने तंतोतंत सारखी नसतात आणि तरीही श्रोत्यांना चूक लगेच कळते.

कणसरी ही या कथांमधली फार मोठी देवता. ती धान्याची देवी असून कोकणा आणि वारली दोन्ही समाज तिला मानतात. वारली परंपरेत तिची गाणी घांगळीवर गायली जातात. घांगळी हे दोन भोपळे जोडलेले तंतुवाद्य आहे. नागली, वरई आणि भात ही या डोंगरउतारांची पिके. राब भाजणे, पेरणी, आवणी, कापणी, मळणी या कामांचे तपशील कणसरीच्या गाण्यांत ओवलेले असतात. धान्याचा मान राखला पाहिजे, ते सांडू नये, पहिला घास देवाला आणि जनावराला द्यावा ही शिकवण उपदेश म्हणून न येता कथेतल्या प्रसंगांमधून येते. वारली लग्नात चौक लिहिला जात असताना गाणी म्हणणारी धवलेरी ही स्त्री असते. लग्न तिच्या मुखाने लागते. वाङ्मय जपण्याचे काम स्त्रियांकडे किती होते हे यावरून दिसते.

रामकथा आणि पांडवकथाही या मुलखात आपल्या वळणाने सांगितल्या जातात. त्यातली माणसे डोंगरात राहतात, नागली खातात आणि गावच्या नद्या ओलांडतात. गुजरातमधील धरमपूर भागातील डाह्याभाई वाढू यांनी कुकणा कथांचे संकलन केले आणि या मौखिक कथांना छापील रूप मिळाले. सीमेपलीकडच्या या कामाचे मोल नाशिकच्या कोकणा समाजालाही तितकेच आहे, कारण कथांचे भांडार दोन्हीकडे एकच आहे.

बोहाडा

होळीनंतर पावसाळ्यापर्यंतच्या मोकळ्या दिवसांत बोहाडा होतो. काही गावांत त्याला भोवाडा म्हणतात. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी आणि शेजारच्या मोखाडा, जव्हार या भागांत त्याची परंपरा आहे. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून गणपती, सारजा, मारुती, रावण, वेताळ, महिषासुर, देवी अशी सोंगे रात्री निघतात. संबळ आणि सनई यांच्या तालावर प्रत्येक सोंग ठरलेल्या चालीने नाचते. शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते आणि जगदंबेची मिरवणूक निघते.

कोणते सोंग कोणत्या घराण्याने घ्यायचे हे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ज्या घरात मुखवटा त्या घरात त्याची निगा, त्याची चाल आणि त्याची कथा. बोहाड्यात शब्द कमी आणि नाच जास्त असतो, तरीही तो कथनाचाच प्रकार आहे. प्रेक्षकांना कथा आधीच माहीत असते. सोंगाच्या पावलांतून ती पुन्हा उभी राहते. या उत्सवात आदिवासींबरोबर गावातले इतर समाजही भाग घेतात, म्हणून तो संपूर्ण गावाचा ठेवा झाला आहे.

जंगल कायदा, उठाव आणि गाण्यांचा नवा विषय

एकोणिसाव्या शतकात या मुलखाचे जगणे मुळापासून बदलले. इंग्रजांनी 1842 मध्ये डांगच्या राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतले. 1860 च्या दशकात थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि लाकडाची मागणी वाढली. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांत राब तोडणे, गुरे चारणे आणि लाकूडफाटा आणणे यांवर निर्बंध आले. सावकारी आणि सारावसुली यांचा ताण त्याआधीपासून होताच.

या अन्यायाविरुद्ध उठाव झाले. अकोले तालुक्यातील देवगावचा महादेव कोळी वीर राघोजी भांगरे याला 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. 1857 मध्ये सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या लढाईत इंग्रज पोलिस अधिकारी हेन्री मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेठ-हरसूल भागात कोळ्यांनी उठाव केला. भागोजी 1859 मध्ये मारला गेला. राघोजीची आठवण गाण्यांतून आणि सांगीवांगीतून टिकली. सरकारी कागदांनी ज्यांना दरोडेखोर ठरवले त्यांना समाजाच्या कथेने नायक मानले. देवांच्या कथांबरोबर माणसांच्या लढ्याची कथाही सांगितली जाऊ लागली आणि मौखिक परंपरेला इतिहासाचा विषय मिळाला.

विसाव्या शतकात हा धागा पुढे गेला. ठाणे जिल्ह्यात 1945 मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. किसान सभेचे काम सुरगाणा भागातही रुजले. पूर्वीच्या खानदेशात शहादा तालुक्यात 1970 च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल शेतमजुरांचे आंदोलन उभे राहिले. सभा, मोर्चे आणि शिबिरे ही गाण्याची नवी ठिकाणे झाली. जुन्या चालींवर मजुरी, जमीन आणि जंगल यांचे शब्द बसवले गेले.

शाळेची पाटी

स्वातंत्र्याआधीच डांग सेवा मंडळासारख्या संस्थांनी पेठ-सुरगाणा भागात शिक्षणाचे काम सुरू केले. पुढे शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांचे जाळे पसरले. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिकला आहे, त्यामुळे राज्यभरच्या आश्रमशाळांचा कारभार या शहरातून चालतो.

आश्रमशाळांनी लिहिणारी पहिली पिढी घडवली. त्याच शाळांनी मुलांना कथा सांगणाऱ्या आजीआजोबांपासून वर्षातले बरेच महिने दूरही ठेवले. पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी होती. बोलीतले शब्द अशुद्ध ठरत. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्या देवाच्या रात्री मुले वसतिगृहात असत. लेखन मिळाले पण ऐकण्याची साखळी सैल झाली. पुढच्या आदिवासी कवितेत ही दुहेरी जाणीव वारंवार दिसते.

कविता कागदावर येते

मराठीत दलित साहित्याने 1960 आणि 1970 च्या दशकांत लेखनाची नवी वाट उघडली. नाशिकचे बाबूराव बागूल त्या वाटेचे अग्रणी होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 1922 मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक यांनी गाण्यातून आंबेडकरी विचार गावोगाव नेला. आपले जगणे आपल्या भाषेत मांडता येते हा विश्वास आदिवासी तरुणांनाही मिळाला. 1979 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले आणि विखुरलेल्या लेखकांना एकत्र येण्याची जागा मिळाली.

उत्तर महाराष्ट्रातून सर्वांत ठळक आवाज आला तो शहादा आंदोलनातील कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांचा. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. भिली बोलीला त्यांनी छापील कवितेत मानाचे स्थान दिले. ‘स्टेज’ ही त्यांची कविता अनेक भाषांत पोहोचली. आदिवासींच्या दुःखावर व्यासपीठावरून दुसरेच बोलतात, ही तिची वेदना आहे. 1990 मध्ये पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मौखिक वाङ्मय हेही पूर्ण अर्थाने साहित्य आहे अशी भूमिका मांडली. लिखित तेवढेच साहित्य मानले तर आदिवासींच्या शेकडो वर्षांच्या निर्मितीला साहित्याच्या इतिहासात जागाच उरत नाही. त्यांच्या मांडणीचे बळ यात आहे.

विदर्भातून भुजंग मेश्राम आणि उषाकिरण आत्राम यांची कविता आली. धुळे जिल्ह्यातील नजूबाई गावित यांनी ‘तृष्णा’ या कादंबरीत आदिवासी स्त्रीचे जगणे मांडले. नाशिक जिल्ह्यातून इगतपुरी परिसरातील तुकाराम धांडे यांची कविता मराठी वाचकांसमोर आली. ‘वळीव’ हा त्यांचा संग्रह. त्यांच्या ‘वनवासी’ या कवितेचा समावेश राज्याच्या शालेय पाठ्यपुस्तकात झाला. संजय लोहकरे यांनी ‘फडकी’ या नियतकालिकातून अकोले, जुन्नर, इगतपुरी या पट्ट्यातील लिहित्या हातांना जागा दिली.

या कवितेवरची मौखिक परंपरेची छाप स्पष्ट आहे. तिच्यात निवेदक बहुधा एकटा नसतो, तो ‘आम्ही’ म्हणून बोलतो. झाडे, डोंगर, पाखरे आणि जनावरे वर्णनासाठी येत नाहीत, ती नात्यातली असतात. ओळी मोठ्याने म्हणता येतील अशा घडणीच्या असतात आणि पदे पुन्हा पुन्हा येतात, कारण कवीच्या कानात फेराचा ठेका असतो. जंगलखात्याचा पहारा, धरणाखाली गेलेली जमीन, ठेकेदार, आश्रमशाळा, शहरातला मजूर अड्डा हे नवे विषय याच घडणीत बसवलेले दिसतात.

द्राक्षबागा, मोर्चा आणि मोबाइल

आजच्या जगण्याचा सर्वांत मोठा बदल कामाच्या वेळापत्रकात झाला आहे. भाताची कापणी झाली की पेठ, सुरगाणा, हरसूल भागातील कुटुंबे नाशिक, दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. बागेच्या कामांचा हंगाम ऑक्टोबरच्या छाटणीपासून उन्हाळ्याच्या आरंभी संपणाऱ्या काढणीपर्यंत चालतो. डोंगऱ्या देवाचा महिना नेमका त्यात सापडतो. ज्या कथेला मार्गशीर्षातल्या रात्री हव्यात, त्या रात्री श्रोते दुसऱ्याच्या मळ्यावर असतात. परंपरा क्षीण होण्याची कारणे शोधताना हे आर्थिक कारण सर्वांत आधी मोजले पाहिजे.

तरीही सामूहिक गाण्याला नवे प्रसंग मिळाले. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीवरचा आणि सामूहिक वनावरचा हक्क मान्य केला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेले. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणमधील आदिवासी स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते. रात्रीच्या मुक्कामांवर गाणी आणि नाच झाले. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांतही पावरी, ढोल आणि फेर शहराच्या रस्त्यांवर दिसतात.

मोबाइलने आणखी एक मार्ग उघडला. कोकणा बोलीतली गाणी तरुण स्वतः रेकॉर्ड करून समाजमाध्यमांवर टाकतात. लग्नात पावरीची जागा डीजेने घेतली असली तरी त्याच डीजेवर बोलीतली नवी गाणी वाजतात. या गाण्यांत प्रेम, थट्टा आणि नाच यांचा भर असतो. रात्रभर चालणारी थाळीवरची कथा या माध्यमात सहज मावत नाही. सांगणारे वृद्ध होत आहेत आणि शिकणारे थोडे आहेत.

दूरच्या एका समाजाचा अनुभव

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नवाहो, म्हणजे स्वतःला दिने म्हणवणाऱ्या समाजाचा इतिहास इथे उपयोगी आहे. त्यांच्याही काही कथा केवळ हिवाळ्यातच सांगायच्या असतात. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना शेकडो किलोमीटर चालवत नेऊन परक्या जागी डांबले. 1868 च्या करारानंतर ते आपल्या मुलखात परतले. पुढे निवासी शाळांत त्यांच्या मुलांना मातृभाषा बोलण्यास मज्जाव झाला. त्या समाजाने नंतर शाळा-महाविद्यालयांत आपली भाषा शिकवायला सुरुवात केली आणि 2013 मध्ये लुसी तापाहोन्सो यांना नवाहो राष्ट्राच्या पहिल्या राजकवी म्हणून नेमले. त्यांच्या इंग्रजी कवितेत नवाहो शब्द, घरातल्या गोष्टी आणि आजचे शहरी जीवन एकत्र येते. समाजाने आपल्या भाषेला संस्थेचा आधार दिला तर जुनी कथा आणि नवी कविता एकमेकींना पोसतात, हे त्या उदाहरणातून कळते.

पुढचे काम

महाराष्ट्रात या दिशेने काही कामे झाली आहेत. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने जमातींविषयी अभ्यास प्रसिद्ध केले. गोविंद गारे यांनी आदिवासी समाज आणि संस्कृती यांवर विपुल लिहिले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 मध्ये आला आणि राज्यातील आदिवासी बोलींची नोंद एका ठिकाणी मिळाली. या नोंदी मोलाच्या आहेत, पण नोंद म्हणजे परंपरा नव्हे. कथा जिवंत राहते ती सांगणारा, ऐकणारा आणि सांगण्याचा प्रसंग हे तिन्ही टिकले तर.

त्यासाठीची पावले अवघड नाहीत. आश्रमशाळांच्या पहिल्या वर्गांत बोलीतून शिकवावे आणि डोंगऱ्या देव, बोहाडा यांच्या दिवसांत मुलांना गावी जाऊ द्यावे. थाळीवर कथा सांगणाऱ्यांना कलावंत म्हणून मानधन मिळावे आणि संकलनावर त्यांचे नाव यावे. नाशिकच्या महाविद्यालयांनी मराठीच्या अभ्यासक्रमात कणसरीची कथा आणि आजची आदिवासी कविता शेजारी शेजारी ठेवून शिकवावी. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना या डोंगरपट्ट्याचे प्रकरण परिशिष्टात न टाकता मुख्य मजकुरात यायला हवे, कारण या मुलखातले मौखिक वाङ्मय आणि त्यातून उगवलेली कविता ही मराठीची स्वतःची संपत्ती आहे.